फी, मेस आणि विळ्याचं पातं

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू योजनेतून निम्मी फी मिळते. मेस आणि खोलीभाड्यासाठी वेगळा निर्वाह भत्ता आहे. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या या योजनेत अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना झुकतं माप मिळतं. खातं आधारशी जोडलेलं हवं. घोडं बहुधा इथंच अडतं.

फी आणि मेसचा प्रश्न असा सुटतो; नेतृत्वाचे धडे मात्र चौथ्या वर्षी गावात मिळतात. ग्रामीण कार्यानुभवासाठी येणाऱ्या मुलांना गावकरी ‘कृषिदूत’ आणि मुलींना ‘कृषिकन्या’ म्हणतात. १९९२ मध्ये रंधावा समितीने अशा कार्यानुभवाची शिफारस केली होती. ही मुलं चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया दाखवतात, बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक तयार करतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही द्रावणं वेगवेगळी करून मग एकत्र ओतायची आणि त्यात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. समोर बसलेले आजोबा हे तीस वर्षं करत आलेले असतात; त्यांच्यापुढे न अडखळता बोलणं हीच खरी तोंडी परीक्षा.