खिशातला आखाडा

लॅपटॉप नाही म्हणून गेम बनवायचं स्वप्न गुंडाळून ठेवलंय? थांबा! हातातला मोबाईल पुरेसा आहे. 'पिक्सेल स्टुडिओ' हे अ‍ॅप घ्या आणि १६ × १६ चौकोनांचा कागद उघडा. भरायचे चौकोन फक्त २५६. चित्रकला कच्ची असली तरी चालतंय!

आपण खासबागेतला शड्डू ठोकणारा पैलवान काढू. एवढ्याशा जागेत ओठ, बोटं मावत नाहीत. १९८१ च्या 'डाँकी काँग' गेममधल्या मारिओला टोपी आणि मिशा मिळाल्या त्या याच अडचणीमुळे. केस आणि तोंड नीट दाखवायला जागाच नव्हती. आपल्या गड्यालाही मिशा द्या. पायाखाली तांबडी माती, म्हणून लंगोट निळा. लाल दिला तर मातीत हरवेल.

आता हालचाल. चार फ्रेम पुरतात: हात वर, हात खाली येताना, मांडीवर थाप, हात परत जाताना. 'ओनियन स्किन' चालू केलं की मागची फ्रेम पुसट दिसते, त्यामुळे पाय जागचे हलत नाहीत. प्रत्येक फ्रेमला १२५ मिलिसेकंद द्या; अर्ध्या सेकंदात एक शड्डू!

शेवटी चारही फ्रेम शेजारी-शेजारी मांडून, म्हणजे 'स्प्राइट शीट' करून, पीएनजीत सेव्ह करा. जेपीजीत कडा बिघडतात. मोठं करताना दुप्पट, तिप्पट असंच करा. दीडपट केलं की चौकोन वेडेवाकडे होतात.

मेसच्या रांगेत उभ्या-उभ्या एक पैलवान तयार होतो. मग कसबा बावड्याच्या होस्टेलमधून पहिला गेम कोण आणतंय?