पीण्याच्या वेशीतून बंगळूर

जुन्या काळी नगरात शिरणारा पाहुणा प्रथम वेशीशी थांबे, आणि वेस पाहूनच त्याला नगराच्या वैभवाची कल्पना येई. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी ह्या मार्गाने बंगळुरास जाणाऱ्या मराठी प्रवाशाला आज जी वेस लागते ती दगडाची नसून यंत्रांची आहे. तुमकूर रस्त्यावरील पीण्या औद्योगिक क्षेत्र हीच ती वेस होय. मालमोटारींच्या रांगा आणि कारखान्यांच्या भिंती दिसू लागल्या की प्रवासी खिडकीचा पडदा ओढून घेतो व लालबागेची वाट पाहू लागतो. उद्याने आणि राजवाडे पाहण्यासाठी आलेल्या माणसाने कारखाने कशाला पाहावेत, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ही वेस वगळून पाहिलेले बंगळूर अपुरेच राहते.

पीण्याची वसाहत 1970 नंतरच्या दशकात वाढीस लागली. शेजारच्या जालहळ्ळी येथे 1953 मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आणि 1954 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सरकारी कारखाने उभे राहिले होते. मोठ्या कारखान्यास सुट्या भागांची गरज भासते आणि त्याच्या आश्रयाने कुशल कारागीरही तयार होतात. अशा कारागिरांच्या हातांवरच लहान कारखान्यांची ही वसाहत पोसली गेली. येथे लेथ चालतात, ओतकाम होते, हत्यारांना धार लागते आणि तयार कपडेही शिवले जातात.

परंतु पीण्याची खरी थोरवी निराळीच आहे. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ घडला तो कोणत्याही भव्य प्रासादात नव्हे, तर ह्याच वसाहतीतील साध्या, छपरे घातलेल्या कारखानवजा इमारतींत. 1972 मध्ये प्रा. उ. रा. राव आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी येथे काम आरंभिले. सुमारे 360 किलो वजनाचा तो उपग्रह 19 एप्रिल 1975 रोजी सोव्हिएत रशियाच्या भूमीवरून अवकाशात गेला. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, 23 ऑगस्ट 2023 रोजी, चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले, तेव्हा त्याचे नियंत्रण चालले होते तेही पीण्यातील इस्रोच्या केंद्रातूनच. हे केंद्र काही सहलीचे स्थळ नव्हे. परंतु त्या रस्त्याने जाताना एवढे स्मरण असले तरी भोवतालच्या यंत्रांचा आवाज निराळा वाटू लागतो. ज्यास आत जाऊन काही पाहावयाचे असेल त्याने जालहळ्ळीचे एच. एम. टी. संग्रहालय पाहावे. मराठी घरांतील कित्येकांच्या मनगटावर वर्षानुवर्षे चाललेल्या चावीच्या घड्याळांचा इतिहास तेथे मांडलेला आहे.

पीण्याहून नगरात जाण्यास मेट्रोचा हिरवा मार्ग सोयीचा आहे. तो 2014 मध्ये येथपर्यंत सुरू झाला. ह्या मार्गाने जाताना नगराचे एकेक युग क्रमाने भेटते. यशवंतपुराच्या जवळच भारतीय विज्ञान संस्था आहे. मुंबईच्या जमशेटजी टाटांची ही कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर, 1909 मध्ये, म्हैसूर संस्थानाने दिलेल्या भूमीवर साकार झाली. पुढचे एक स्थानक तर चंदनी साबणाच्या कारखान्याच्याच नावाने ओळखले जाते.

संपिगे रस्त्याच्या स्थानकावर मराठी प्रवाशाने अवश्य उतरावे. संपिगे म्हणजे चाफा. येथून जवळच, मल्लेश्वरम् भागात, काडू मल्लेश्वराचे मंदिर आहे. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेबरोबर शहाजीराजे येथे आले आणि केंपेगौडांचे हे नगर त्यांच्या जहागिरीत मोडू लागले. जिजाबाई आणि बालशिवाजी ह्यांचेही काही काळ येथे वास्तव्य झाले. जयराम पिंड्ये ह्या कवीने आपले ‘राधामाधवविलासचंपू’ शहाजीराजांच्याच आश्रयाने रचले. पुढे एकोजीराजांनी 1669 मध्ये मल्लापूरच्या देवास एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. ते मल्लापूर म्हणजेच आजचे मल्लेश्वरम्. 1687 मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर जिंकले आणि थोड्याच काळात ते 3 लाख रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांच्या हाती गेले. सुमारे पन्नास वर्षांचा हा मराठी अंमल आज नगरात शोधावा लागतो. मात्र मराठी राजाने कानडी मुलखातील देवाची सेवा अखंड चालावी म्हणून दिलेले ते इनाम, दोन्ही भाषिकांनी आठवणीत ठेवावे असे आहे.

त्याच गाडीने पुढे गेल्यास लालबाग येते. हैदरअलीने 1760 च्या सुमारास तिचा पाया घातला. काचगृह 1889 चे. बागेतील खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे, हे मात्र फुले पाहण्याच्या भरात पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कार्तिकातील अखेरच्या सोमवारी गेलेल्याने बसवनगुडीची भुईमुगाच्या शेंगांची जत्रा चुकवू नये. नवे पीक नंदीस अर्पण करण्याची शेतकऱ्यांची ही प्रथा महानगराने अद्याप सांभाळली आहे.

नगराबाहेर जावयाचे तर पहाटेस नंदीदुर्ग गाठावा. तो सुमारे साठ किलोमीटरांवर आहे. गडावर धुके असताना सूर्योदय पाहण्यासारखा असतो. तुमकूर रस्त्याने, पीण्यावरूनच, शिवगंगेच्या डोंगराकडेही जाता येते. तेथील पिंडीवर तूप घासले असता त्याचे लोणी होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. चढण खडी आहे, म्हणून पाणी जवळ असावे.

मोटारीने महाराष्ट्राकडे परतणाऱ्यास आणखी एक वळण घेता येईल. दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यात, होदिगेरे नावाचे गाव आहे. 1664 च्या जानेवारीत शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा तेथे अंत झाला, आणि तेथेच त्यांची साधी समाधी आहे. ज्यांच्या पुत्राने स्वराज्य स्थापिले त्यांची अखेरची विश्रांती कानडी मुलखाच्या मातीत झाली आणि तेथील गावाने ती जागा जपली. बंगळुराचे प्रवासवर्णन सांगताना लालबागेच्या फुलांबरोबर ही समाधी आणि पीण्यातील ती साधी छपरेही ज्याच्या तोंडी येतील, त्याने हे नगर पाहिले असे म्हणावयास हरकत नाही.