ईमेलचा पत्ता खरा की खोटा?

फेस्टच्या रजिस्ट्रेशन फॉर्मचा कोड लिहिताना ईमेल तपासायला आपण कुठून तरी एक रेगेक्स उचलतो नि चिकटवतो. तो बहुधा @ च्या आधी अक्षरं, आकडे, टिंब एवढंच चालवतो आणि शेवटी दोन ते चार अक्षरं मागतो. झालं! आडनावातली अपॉस्ट्रॉफी पत्त्यात ठेवणारा डिसूझा बाद, अधिकचं चिन्ह बाद, डॉट म्युझियमवाला तर दारातच उभा. आणि नियमाने तिघंही बरोबर!

आरएफसी ५३२१ (२००८) @ च्या आधी ६४ आणि नंतर २५५ बाइटपर्यंत मुभा देतं. आधीचा भाग दुहेरी अवतरणात असेल तर त्यात आणखी एक @ सुद्धा चालतं, म्हणून पत्ता तोडायचा तो शेवटच्या @ वर. २०१२च्या आरएफसी ६५३१ने तर देवनागरी पत्त्यांनाही वाट करून दिली. त्यांना हाकलतो तो आपलाच फॉर्म.

मग करायचं काय? कडेच्या स्पेस काढा, @ आहे ना, दोन्ही बाजूंना काहीतरी आहे ना, लांबी बसते ना, एवढं बघा आणि सरळ कन्फर्मेशन मेल पाठवा. स्पेलिंग चुकलेला पत्ताही रेगेक्सला शुद्धच दिसतो, नि आपलं हॉल तिकीट भलत्याच्याच इनबॉक्समध्ये जाऊन पडतं.