पोर हट्टी नाही, झोपेला आलंय!

भालकी, औराद, बसवकल्याण असो की आळंद, उन्हाळा आणि लग्नसराई हातात हात घालूनच येतात. रात्री उशिरापर्यंत स्लॅब तापलेला, त्यात वरातीचा बँड. पोरं मध्यरात्रीपर्यंत जागी. दुसऱ्या दिवशी तेच पोर धाकटीला ओरबाडतं, चेंडूसाठी भुईवर लोळण घेतं आणि घरातले म्हणतात, ‘लाडानं बिघडलंय.’

गैरसमज : झोप कमी झाली तर मूल पेंगेल.
वस्तुस्थिती : पेंगतात ती मोठी माणसं. लहान मुलं अनेकदा उलट जास्तच धावतात, चिडतात, चावतात. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, उगारलेला हात आवरणं, हे काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं. लहान वयात तो मुळातच कच्चा असतो आणि झोप मोडली की लगेच ढेपाळतो.

गैरसमज : अर्ध्या तासानं काय होतंय?
वस्तुस्थिती : कॅनडातल्या माँट्रियलमध्ये ७ ते ११ वर्षांच्या ३४ मुलांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच रात्री काहींची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली, काहींची ५४ मिनिटांनी घटली. कोण किती झोपलं हे शिक्षकांना ठाऊक नव्हतं. तरी जास्त झोपलेली मुलं त्यांना शांत वाटली, कमी झोपलेली चिडखोर आणि उतावळी.

गैरसमज : दुपारची झोप चुकली तर बिघडत नाही.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या एका अभ्यासात अडीच-तीन वर्षांच्या मुलांची दुपारची झोप चुकवून त्यांना कोडी दिली. न सुटणाऱ्या कोड्यावर ती जास्त वैतागली आणि सुटलेल्या कोड्याचा आनंदही त्यांना कमी झाला.

गैरसमज : लहानांना आठ तास पुष्कळ.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार १-२ वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास, ३-४ वर्षांच्यांना १० ते १३ तास झोप हवी, दुपारची धरून. आता हिशेब करा. एप्रिल-मेमध्ये इकडच्या सरकारी कचेऱ्या सकाळी ८ ला उघडतात, घर पहाटेच हलतं. रात्री ११ ला निजलेलं चार वर्षांचं पोर ६ ला उठलं तर झोप सात तास. दुपारी दोन तास लवंडलं तरी नऊच.

प्रत्येक हट्टामागे झोपच असते असं नाही. भूक, ताप, दातदुखीही असते. रोज घोरणाऱ्या, तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्या मुलाला डॉक्टरांना दाखवावं. लग्न, जत्रा, खंडोबाचं जागरण चुकवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी पोराला दुपारी निवांत झोपू द्यावं आणि रात्री लवकर निजवावं. शिस्तीचे धडे झोप झाल्यावर दिले, तरच ते डोक्यात शिरतात.