न घडलेल्या प्रसंगाची नोंद

मूल स्वमग्न असेल तर त्याची शाळा, त्याची थेरपी, त्याचे विशेष शिक्षक यांबद्दल आता मराठीत बरंच लिहिलं-बोललं जातं. तेच मूल तिशी-चाळिशीला पोचतं तेव्हा मात्र भोवतालची माणसं विरळ झालेली असतात. शाळा केव्हाच संपलेली असते, आईवडील थकलेले असतात आणि रोजचा दिवस ज्याच्या हाती असतो तो असतो मदतनीस. इंग्लंडमध्ये त्याला सपोर्ट वर्कर म्हणतात. आपल्याकडच्या निवासी संस्थांत तो 'दादा' असतो, ती 'ताई' किंवा 'मावशी' असते आणि पगारपत्रकावर नुसतं 'केअरटेकर'. या कामात उत्तम कोण, हे ओळखायचं कसं आणि त्याचा गौरव करायचा कसा? इंग्लंडने त्यासाठी काही पद्धती बसवल्या आहेत. त्यातल्या काही कटू अनुभवातून आल्या आहेत आणि म्हणूनच नीट पाहण्यासारख्या आहेत.

मूळ अडचण अशी की हे काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही. संस्थेच्या रजिस्टरमध्ये आरडाओरडा, मारहाण, मोडतोड, जास्तीचं औषध यांसाठी रकाना असतो. शांतपणे पार पडलेल्या दिवसासाठी नसतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बत्तीस वर्षांचा एक तरुण. बोलत नाही. गेला आठवडाभर जेवायला बसला की स्वतःचं मनगट चावतो, ताट भिरकावतो. एक मदतनीस त्याला धरून ठेवतो, डॉक्टरांनी 'गरज पडल्यास' म्हणून लिहून दिलेली शांत करणारी गोळी देतो आणि वहीत लिहितो : 'जेवताना आक्रमक झाला.' दुसरी मदतनीस आधी चार दिवसांच्या नोंदी चाळते. ताट कधी उडालं? टोस्ट होता तेव्हा. भात किंवा सूप असताना? नाही. मग ती त्याच्या चावण्याकडे लक्ष देते. तो एकाच बाजूने चावतोय. दाढ दुखत असावी, अशी तिला शंका येते.

इथून पुढचं काम अधिक कौशल्याचं आहे. दंतवैद्याकडे नुसतं घेऊन जाऊन भागत नाही. ती दवाखान्याचे आणि खुर्चीचे फोटो त्याला आधी दाखवते. पहिल्या खेपेला फक्त खुर्चीत बसून परत यायचं, एवढंच ठरवते. सकाळची पहिली वेळ मागून घेते, म्हणजे बाहेर ताटकळावं लागत नाही. दिव्याचा झोत सहन होणार नाही हे ओळखून गॉगल बरोबर घेते. दाढेवर उपचार होतात, ताट उडायचं थांबतं. पुढच्या आठवड्याच्या रजिस्टरमध्ये यातलं काय दिसतं? काहीच नाही.

प्रत्येक गोष्टीचं खापर ऑटिझमवर फोडायचं आणि शरीराचं दुखणं नजरेआड करायचं, या चुकीला वैद्यकात 'डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग' असं नाव आहे. तिची किंमत मोठी असते. बौद्धिक अक्षमता असलेले ३०,००० ते ३५,००० प्रौढ मनोविकाराचं तसं निदान नसतानाही मनावर परिणाम करणारी औषधं रोज घेत आहेत, असा अंदाज इंग्लंडमध्ये २०१५ साली मांडला गेला. त्यानंतर २०१६ मध्ये ही औषधं कमी करण्यासाठी 'स्टॉम्प' नावाची मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा स्वमग्न मुलगा ब्रिस्टलच्या रुग्णालयात दगावला. त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी नको म्हणून सांगितलं असतानाही त्याला अँटिसायकॉटिक औषध दिलं गेलं होतं. त्याच्या आईने लढा दिला आणि २०२२ च्या कायद्याने नोंदणीकृत आरोग्य व काळजी-सेवांतल्या कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेचं प्रशिक्षण बंधनकारक झालं. ऑलिव्हरच्या नावाने चालणाऱ्या या प्रशिक्षणात स्वमग्न माणसं स्वतः शिकवायला असतात. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

कारण समजून घेण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली हा विचार नेमकेपणाने मांडला : स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण सहज म्हणतो, पण इतरांनाही त्याचं मन तितकंच कळत नसतं. उत्तम मदतनीस हे अंतर आपल्या बाजूने कापतो. प्रश्न एकदाच विचारतो आणि उत्तरासाठी पुरेसा थांबतो, लगेच दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारून गोंधळ वाढवत नाही. समोरचा अस्वस्थ झाला की आपला आवाज खाली आणतो, बोलणं कमी करतो, अंगावर न जाता बाजूला सरकून उभा राहतो.

आता हे सगळं बाहेरच्या माणसाने कसं पारखायचं? इंग्लंडमध्ये काळजी-सेवांची तपासणी केअर क्वालिटी कमिशन करतं. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेची आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलते का आणि तिचं नेतृत्व बरं आहे का, हे पाच प्रश्न विचारून चार दर्जांपैकी एक दिला जातो. सर्वांत वरचा दर्जा 'आउटस्टँडिंग'.

हे मोजमाप आयतं मिळालेलं नाही. २०११ साली ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेल्या प्रौढांचा चाललेला छळ बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपला. अकरा जणांना शिक्षा झाली, त्यातले सहा तुरुंगात गेले. तिथल्याच एका परिचारकाने आधी तक्रार केली होती. तिची दखल वेळेवर घेतली गेली नाही, हे नंतर मान्य करावं लागलं. कागद व्यवस्थित असले म्हणजे आतला दिवस व्यवस्थित असतो असं नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

म्हणून निरीक्षणाला महत्त्व आलं. जी माणसं बोलून सांगू शकत नाहीत त्यांच्यासाठी कमिशन ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या मदतीने तयार झालेली 'सोफी' नावाची पद्धत वापरतं. निरीक्षक खोलीत एका बाजूला गप्प बसतो आणि पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांत टिपत जातो : या माणसाची मनःस्थिती कशी आहे, तो कशात गुंतला आहे, कर्मचारी त्याच्याशी जे बोलले-वागले ते चांगलं होतं, कोरडं होतं की वाईट. 'कोरडं' हा प्रकार वेगळा नोंदवतात, हे फार बरं आहे. चहाचा कप न बोलता समोर ठेवून निघून जाणं हा छळ नव्हे, पण दिवसभर असंच चाललं तर तो दिवस माणसाच्या वाट्याला आलाच नाही असं म्हणावं लागेल.

दुसरी वाट थेट त्या माणसालाच विचारण्याची. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात नव्वदच्या दशकात 'टॉकिंग मॅट्स' नावाचं साधन तयार झालं. एक चटई, वरच्या कडेला 'आवडतं', 'ठीक', 'आवडत नाही' अशी चिन्हं आणि हातात चित्रांची कार्डं. पोहणं कुठे ठेवायचं, आंघोळ कुठे, रविवारचा बाजार कुठे, हे तो माणूस ठरवतो. त्यात कर्मचाऱ्यांचे फोटोही ठेवता येतात. बक्षीस कोणाला द्यायचं याचा पहिला कौल तिथे मिळतो आणि माझ्या मते तो व्यवस्थापकाच्या शिफारशीपेक्षा वरचा धरायला हवा.

मग येतं बक्षिसासाठीचं नामांकन. काळजी-सेवेतल्या कर्मचाऱ्यांना दिले जाणारे 'ग्रेट ब्रिटिश केअर अवॉर्ड्स' आधी प्रादेशिक पातळीवर होतात, तिथले विजेते राष्ट्रीय फेरीत जातात आणि परीक्षक त्यांच्या मुलाखती घेतात. अर्ज लिहिणारी सहसा संस्था असते आणि लिहिताना बहुतेकांचा हात एकाच वळणाला जातो : 'अतिशय प्रेमळ, अपार सहनशील, स्वतःला विसरून झटणारी.' आपल्याकडे शाल-श्रीफळाबरोबर वाचल्या जाणाऱ्या मानपत्रातही हेच असतं. हे वळण मला खटकतं. मदतनिसाच्या सोसण्याचं जितकं कौतुक करावं, तितका ज्याच्यासाठी ती सोसते तो माणूस ओझं ठरत जातो. आणि तिचं कौशल्य, म्हणजे ती दाढ ओळखणं, कोपऱ्यात राहून जातं.

चांगला अर्ज माणसाच्या बदललेल्या आयुष्याबद्दल बोलतो. उदाहरणार्थ : 'मार्चमध्ये हे गृहस्थ बसमध्ये चढत नव्हते. सुषमाताईंनी थांब्यावर नुसतं उभं राहण्यापासून सुरुवात केली, मग गर्दी नसलेल्या वेळी एकच थांबा. आता ते दर गुरुवारी वाचनालयात बसने जातात आणि तिकिटाचे पैसे स्वतः देतात.' इथे आधी काय होतं, काय केलं, आता काय आहे, हे कुणालाही तपासता येतं. सोबत आकडे जोडावेत : गोळी किती वेळा द्यावी लागली, धरून ठेवण्याची वेळ किती वेळा आली, वर्षापूर्वी किती आणि आता किती. न घडलेल्या प्रसंगांची हीच एक नोंद आपल्याला ठेवता येते.

आणखी एक कसोटी सहज विसरली जाते. मदतनीस माणसाला धोका पत्करू देते का? इंग्लंडच्या २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्यात एक तत्त्व आहे : निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून माणूस निर्णयाला असमर्थ ठरत नाही. स्वतःचा चहा स्वतः करताना बोट पोळू शकतं. सगळं स्वतःच करून देणारी मदतनीस पाहुण्यांना तत्पर वाटते, पण तिच्या हाताखाली माणसाची शिकलेली कामंही गळून पडतात.

गौरवानंतरचा प्रश्न पैशांचा आणि तो टाळता येत नाही. २०२१-२२ मध्ये इंग्लंडच्या प्रौढ काळजी-सेवेत सुमारे १,६५,००० जागा रिकाम्या होत्या. पगार बहुधा किमान वेतनाच्या आसपास, त्यामुळे माणसं टिकत नाहीत. आणि स्वमग्न प्रौढासाठी मदतनीस बदलणं म्हणजे आपल्या खुणा, सवयी, नकाराच्या पद्धती नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवणं. अमेरिकेतल्या या कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने निराळा मार्ग काढला आहे. कर्मचारी आपण प्रत्यक्ष केलेल्या कामाचा पुरावा लिहून पाठवतो, परीक्षक तो तपासतात, एकेक डिजिटल बिल्ला मिळत जातो आणि बिल्ले साठले की पायरीपायरीने प्रमाणपत्र. काही संस्था त्याला पगारवाढ जोडतात. एका संध्याकाळच्या टाळ्यांपेक्षा मला हे जास्त पटतं.

आपल्याकडे ऑटिझमला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि नंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यता दिली. न्यासाने प्रौढांच्या निवासासाठी 'घरौंदा' आणि काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी 'सहयोगी' या योजना आखल्या. 'आमच्यानंतर कोण?' हा प्रश्न विचारत नाही असं स्वमग्न मुलाचं मराठी घर सापडणार नाही, आणि त्याचं उत्तर ज्या मदतनिसांवर अवलंबून आहे त्यांना पारखण्याची पद्धत आपली संस्था उद्यापासून सुरू करू शकते. बाहेरची एक व्यक्ती महिन्यातून एकदा तासभर गप्प बसून पाहील, चित्रकार्डं संस्थेतच छापता येतील, आणि रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवायचा : 'आज यांनी स्वतः काय केलं?'

सत्काराचा दिवस ठरवताना मात्र सभागृह, ध्वनिक्षेपक आणि टाळ्यांचा गजर याआधी निवासींचा विचार व्हावा. बऱ्याच जणांना हा आवाज सोसवत नाही. कार्यक्रम त्यांच्याच घरात, जेवणाची वेळ न मोडता, टाळ्यांऐवजी हात हलवून करता येतो. आणि ताईंना बक्षीस घ्यायला मुंबईला जायचं असेल, तर त्या दिवशी बदलीवर कोण येणार त्याचा फोटो आठवडाभर आधी भिंतीवरच्या वेळापत्रकात लावावा, आणि त्या व्यक्तीला दोन दिवस ताईंबरोबर कामावर ठेवावं. त्या दोन दिवसांचा पगार कार्यक्रमाच्या खर्चात धरावा.