शिक्का खरा, पत्र खोटं!

नांदेडहून बिदरला नानक झिरा साहेबच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ असतात. मी उदगीरचा, त्यामुळे बिदर मला नांदेडपेक्षा जवळच. तिथल्या जुन्या गावात एक अर्धी पडलेली भव्य इमारत आहे, दोनपैकी एकच मिनार उभा, त्यावर रंगीत फरशांचे तुकडे अजून चिकटून. हा महमूद गवानचा मदरसा, सन १४७२ चा. तीन मजले, ग्रंथालय, शिकवणारे आणि शिकणारे दोघेही तिथेच राहायचे. आपल्या भाषेत पूर्ण रेसिडेन्शियल कॉलेज!

हे कॉलेज बांधणाऱ्या वजिराला त्याच्याच सुलतानाने ५ एप्रिल १४८१ रोजी ठार केलं. का केलं, आणि त्यातून सुलतानाला काय मिळालं, हे मला सांगायचं आहे. कारण ज्याला ‘पर्ज’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्याच माणसांची छाटणी, ती आपण स्टॅलिन-सद्दामच्या संदर्भात वाचतो. आपल्या दारातली मात्र माहीत नसते.

आधी एक साधा प्रश्न. ज्याच्या हातात सगळी सत्ता आहे तो इतका घाबरतो कशाला? उत्तर असं की त्याला कुणी खरं सांगतच नाही. दरबारात सगळेच मान डोलावतात. निष्ठावंतही डोलावतो आणि खंजीर लपवलेलाही डोलावतो. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना पटकन कळेल : सेन्सर प्रत्येक वेळी एकच रीडिंग देत असेल तर आत काय चाललंय ते कंट्रोलरला कळणार कसं? रोनाल्ड विंट्रोब नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ च्या पुस्तकात याला हुकूमशहाचा पेच म्हटलं आहे. दहशत जितकी जास्त, तितकी खरी माहिती कमी, आणि तितकाच संशय जास्त. मग संशय कुणावर घ्यायचा? जो आपली जागा घेऊ शकेल त्याच्यावर. म्हणजे कर्तबगारावर. बिनकामाच्या माणसाला कोण भितं?

बहमनी घराण्यात ही भीती पिढीजात होती. दरबारात दोन तट. एक दखनी, म्हणजे इथे रुजलेले. दुसरे आफाकी, म्हणजे इराण-तुराणकडून नव्याने आलेले. सुलतान हुमायून (१४५८-६१) तेलंगणाच्या मोहिमेवर असताना मागे बिदरमध्ये त्याच्या कैदेतल्या भावाला लोकांनी सोडवलं. हुमायूनने परतून जो सूड घेतला त्यावरून त्याचं नाव ‘जालीम’ पडलं. भावाला वाघापुढे टाकलं, हजारोंना मारलं, असं फरिश्ता लिहितो. पण फरिश्त्याने हे जवळजवळ दीडशे वर्षांनी लिहिलं आणि तो स्वतः आफाकींपैकी, तेव्हा आकडे जपूनच घ्यावेत. इतिहासकार शेरवानी तर हुमायूनची बदनामी अतिरंजित आहे असंच मानतात.

त्याचा मुलगा तिसरा मुहम्मदशाह १४६३ मध्ये गादीवर आला तो पोरवयात. कारभार राजमाता, ख्वाजा जहान आणि महमूद गवान यांच्याकडे. तीनच वर्षांत राजमातेने ख्वाजा जहानला भर दरबारात, त्या मुलाच्या डोळ्यांसमोर मारवलं. वजीर डोईजड झाला की काय करायचं असतं, हा धडा असा प्रॅक्टिकलसकट मिळाला!

उरला गवान. जन्माने इराणी, मूळचा व्यापारी. १४७२ मध्ये गोवा जिंकून दिलं ते त्यानेच. पण खरं काम कागदावरचं होतं. राज्याचे चार मोठे प्रांत होते, त्यांना तरफ म्हणत. तरफदार म्हणजे जवळजवळ छोटा राजाच, प्रांतातले सगळे किल्ले त्याच्या मुठीत. गवानने चाराचे आठ केले. वऱ्हाडाचे दोन झाले, गाविल आणि माहूर. हो, आपल्या नांदेड जिल्ह्यातलंच माहूर. आणि प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने थेट नेमलेले किल्लेदार. जमिनीची मोजणीही सुरू केली. तरफदारांचं पित्त खवळणार नाही तर काय!

त्यांचा म्होरक्या मलिक हसन. त्याच्या तेलंगणाचेही दोन तुकडे झाले होते. त्याच्या गटाने गवानचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून, दारू पाजून, कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. वर मजकूर लिहिला ओरिसाच्या राजाला : सुलतान दारूत बुडालाय, चाल करून या. (होस्टेलवर रेक्टर सरांकडे जाणाऱ्या निनावी चिठ्ठ्यांचे हे पूर्वज.) कोंडापल्लीच्या छावणीत नशेत असलेल्या सुलतानाने गवानला बोलावून विचारलं. तो म्हणाला, शिक्का माझा, पत्र माझं नाही. चौकशी नाही, साक्ष नाही. तिथेच जौहर नावाच्या गुलामाला इशारा झाला. गवान तेव्हा सत्तरीच्या पुढे होता. नंतर संपत्ती मोजली तर इतक्या मोठ्या वजिराच्या मानाने फारच थोडी निघाली, आणि पत्र बनावट असल्याचंही कळलं.

आता खरी गंमत. छाटणीने सत्ता टिकतच नाही असं मुळीच नाही. स्टॅलिनने १९३७-३९ मध्ये पाचपैकी तीन मार्शल संपवले, आणि १९५३ पर्यंत सत्तेवर राहून आजारपणाने मेला. सद्दामने २२ जुलै १९७९ ला पक्षाच्या बैठकीत एकेक नाव वाचायला लावून माणसं बाहेर नेली. आत उरलेले घाबरून जयजयकार करत होते, आणि पुढे गोळ्या घालायलाही पक्षातलेच लोक उभे केले. तो २००३ पर्यंत टिकला. मग मुहम्मदशाहचंच का फसलं?

कारण मॉस्को आणि बगदादमधल्या माणसांना पळायला जागा नव्हती. ना स्वतःचा किल्ला, ना स्वतःची फौज. बहमनी सरदारांकडे दोन्ही होतं, आणि नेमकं तेच काढून घेणाऱ्या माणसाचा सुलतानाने गळा कापला! गवान गेला तेव्हा माहूरचा खुदावंद खान आणि गाविलचा इमाद-उल-मुल्क यांनी आपल्या छावण्याच वेगळ्या हलवल्या. गवानची ही गत, तर आपलं काय? गवानच्या मर्जीतला युसूफ आदिलखानही त्यांना मिळाला. मुजरा करायचा तो लांबूनच, फौज पाठीशी ठेवून. सुलतान त्यांना बोलवायचा, ते जवळ यायचे नाहीत.

वर्षभरात, १४८२ मध्ये, मुहम्मदशाह तिशीच्या आतच गेला. मलिक हसन बारा वर्षांच्या नव्या सुलतानाचा कारभारी झाला आणि १४८६ मध्ये त्याचाही तसाच काटा निघाला. १४९० च्या सुमारास विजापूर, वऱ्हाड आणि मलिक हसनच्या मुलाचं अहमदनगर, तिघेही वेगळे झाले. आपल्याकडचे कंधार, औसा, उदगीर कासीम बरीदच्या जहागिरीत गेले, आणि बिदरचा सुलतान स्वतःच्याच महालात बरीदांचा कैदी होऊन बसला. शेवटचा सुलतान कलीमुल्ला बिदरहून निसटला आणि अखेर आश्रयाला गेला तो अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला. त्या खोट्या पत्रामागे असलेल्या मलिक हसनच्या नातवाकडे.