सानेगुरुजींच्या वाङ्मयातील श्रद्धा व स्वातंत्र्य

‘श्यामची आई’ हे पुस्तक ज्या घरात नाही, असे सुशिक्षित मराठी घर विरळाच. मूल सलग वाचू लागले की वडील मंडळी ते त्याच्या हाती देतात. परंतु त्याच लेखकाचे ‘आस्तिक’, ‘भारतीय संस्कृती’ अथवा ‘पत्री’ किती घरांतून वाचले जातात, असे विचारल्यास उत्तर तितके समाधानकारक मिळणार नाही. आम्हीही या दोषातून मुक्त नाही. अध्यापकीच्या काळात ‘श्यामची आई’ आम्ही वर्गात किती वेळा वाचून दाखविली असेल याची गणती नाही. पण मुलांचे डोळे पाणावले की आपले कार्य झाले, असे समजून आम्ही पुस्तक मिटीत असू.

एके वर्षी ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण चालले होते. एका वृद्ध महार स्त्रीची मोळी खाली पडते. ती उचलून डोक्यावर देण्यास कोणी पुढे येत नाही. आई श्यामला पाठविते आणि घरी आल्यावर स्नान करावयास सांगते. वाचन संपताच मागील बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, मोळी उचलणे चांगले काम होते ना? मग अंघोळ कशाला?” आम्ही “तो काळच तसा होता” असे म्हणून वेळ मारून नेली. उत्तर खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. पुढे गुरुजींचे इतर ग्रंथ वाचताना आमच्या ध्यानी आले की, त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देण्यातच गुरुजींचे अवघे आयुष्य खर्ची पडले आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. १९२४ पासून ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. १९३० साली ती नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती लिहून घेणारा हात गुरुजींचाच. पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. व्रते, तुळशी-वृंदावन आणि देवघर यांनी भरलेले हे पुस्तक परसत्तेच्या बंदिशाळेत जन्मास आले, हा आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. स्वातंत्र्यासाठी सर्वस्व सोडण्याचे बळ आपणांस कोठून लाभले याचा शोध गुरुजी घेत होते, आणि तो शोध त्यांना आईपाशी घेऊन गेला.

‘पत्री’ हे त्यांच्या काव्यसंग्रहाचे नाव पाहावे. पत्री म्हणजे देवास वाहावयाची पाने. नाव पूजेचे, परंतु आतील देशभक्तिपर कवितांमुळे परकीय सरकारने तो संग्रह जप्त केला! गुरुजींच्या ठायी देवपूजा आणि देशसेवा ही दोन खाती नव्हती.

‘भारतीय संस्कृती’ या ग्रंथाचा आरंभ ते अद्वैतापासून करतात. अद्वैत आपण सर्वच मानतो. परंतु प्रवचन संपताच उपरणे झटकून उठतो आणि विहिरीवर, पंक्तीत, देवळात द्वैतच पाळतो. गुरुजींचा आग्रह असा की, अद्वैत आचरणात उतरले नाही तर ते शब्दमात्रच राहिले. पूर्वीच्या ऋषींना ते प्रयोग करणारे म्हणतात. तेव्हा त्यांच्या वंशजांनी नवे प्रयोग करू नयेत, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

‘आस्तिक’ या कादंबरीची कथा आदिपर्वातील आहे. तक्षकाने परीक्षितीस दंश केला म्हणून जनमेजय सर्पसत्र आरंभितो, आणि ऋषी पिता व नागकन्या माता यांचा पुत्र आस्तिक ते थांबवितो. गुरुजींनी नागांस सर्प न मानता मनुष्ये मानले. त्यामुळे पुराणकथेचे रूपांतर एका जातीने दुसरीवर चालविलेल्या द्वेषाच्या कथेत झाले. आस्तिक शब्द पाणिनीने ‘अस्ति’पासून साधला आहे, आणि वेदप्रामाण्य मानणारा तो आस्तिक, ही दर्शनकारांची व्याख्या आपण पाठ केलेली आहे. कादंबरी वाचून मात्र असे मनात येते की, दुसऱ्याच्या ठिकाणीही देव ‘आहे’ असे जो म्हणू शकतो तोच खरा आस्तिक. आणि त्या दुसऱ्यास जखडून ठेवणाऱ्याने स्वतःस श्रद्धावान म्हणविणे व्यर्थ होय.

कित्येक टीकाकारांनी गुरुजींस रडवे ठरविले. परंतु अश्रू दुबळेपणाचेच असतात असे नाही. १९४७ साली स्वातंत्र्य दाराशी आले असता हा मनुष्य महाराष्ट्रभर हिंडला आणि १ मे रोजी पंढरपुरात, विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून, उपोषणास बसला. विरोध कडवा होता, आणि तो करणाऱ्यांत आपल्यासारख्या घरांतील मंडळी पुष्कळ होती हे लपविण्यात अर्थ नाही. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर उपोषण सुटले. देशातून परकीय जाणार, पण देवाच्या दारी आपलाच माणूस परका राहणार, हे त्यांस साहवले नाही.

आईने त्या काळी मुलास मोळी उचलावयास पाठविले. लोकापवादाच्या भयाने स्नान मात्र तिला सोडवले नाही. तिच्या पावलास आम्ही लहान म्हणणार नाही. चारचौघांच्या देखत ते टाकणे सोपे नव्हते. राहिलेले पाऊल मुलाने पंढरपुरास टाकले. आईची श्रद्धा त्याने टाकून दिली नाही. ती पुढे नेली.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे की, येत्या सुटीत मुलांस ‘श्यामची आई’ वाचून दाखविल्यावर थांबू नये. थोरांनी ‘भारतीय संस्कृती’ व ‘आस्तिक’ ही वाचावी आणि रात्री जेवणे झाल्यावर घरात त्यांविषयी बोलावे. एखादे नातवंड त्या स्नानाविषयी विचारीलच. आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले, ते मात्र देऊ नये.